नंदिग्रामातला लक्ष्मण

जरीपटक्यात गाणं ऐकायला रेडिओ लावावा लागत नाही, ते रस्त्यावरून चालत घरात येतं. चेटीचंडला झुलेलालच्या मिरवणुकीबरोबर येतं, चौदा एप्रिलच्या आसपास इंदोऱ्याकडून भीमगीतं येतात, डिसेंबरात मेकोसाबागेच्या बाजूने नाताळची गाणी येतात. भाद्रपदात गल्लीगल्लीतले मांडव आणि लग्नसराईत कामठी रोडवरची लॉन्स हे काम वाटून घेतात. उत्तर नागपुरात राहणाऱ्या माणसाने शांततेची अपेक्षा ठेवू नये. ठेवलीच तर खिडक्या बदलून घ्याव्यात, पण माझा अनुभव असा की बँडमधला बास ड्रम काचेला जुमानत नाही.

या वर्षभराच्या गलबल्यात तीन गाणी अशी आहेत की ती वाजली नाहीत तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. चैत्री पौर्णिमेला पहाटे मारुतीच्या देवळावरच्या कर्ण्यातून ‘अंजनीच्या सुता’ लागतं. महेंद्र कपूर यांचा तो खडा आवाज थंड हवेत दूरवर जातो. गणपतीच्या दहा दिवसांत ‘देवा हो देवा’ लागतं आणि मांडवातली पोरं आरतीआधीच नाचायला लागतात. लग्नात ‘दीदी तेरा देवर दीवाना’ लागतं, आणि ज्या नवरीला बहीण नाही, ज्या नवऱ्याला भाऊ नाही, त्यांच्याही लग्नात लागतं. एक मराठी, दोन हिंदी. एक मारुतीचं, एक गणपतीचं आणि एक वहिनीच्या डोहाळजेवणाचं. तिन्हींना चाल लावणारा माणूस एकच, आणि तो आपल्याच नागपूरचा. त्याचं नाव विजय पाटील.

हे नाव सांगितलं की समोरचा जरा वेळ आठवत बसतो. विजय पाटील म्हणजे कोण, नगरसेवक होते ते? की पोलीस निरीक्षक? महाराष्ट्रात विजय पाटील नावाची माणसं सापडणार नाहीत असं गाव नसेल. मग ‘रामलक्ष्मण’ म्हटलं की चेहरा उजळतो. हो हो, ते दोघं! आणि इथून गोष्ट पुन्हा चुकीच्या वाटेला लागते. कारण यांतलं मारुतीचं गाणं सोडलं, तर बाकीची दोन झाली तेव्हा ते दोघं नव्हते. एकटाच होता, आणि जोडीतला दुसराच तेवढा उरला होता.

विजय पाटील यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ चा, नागपूरचा. ते नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या राजधानीचं होतं आणि ‘छोडो भारत’चे ते दिवस होते. सूर घरातच होते. वडील काशिनाथ आणि काका प्रल्हाद यांच्याकडे पहिले धडे झाले, पुढे भातखंडे शिक्षण संस्थेत रीतसर शिक्षण झालं. या शिक्षणाचं त्यांच्या पुढच्या कामात काय झालं, असा प्रश्न एखादा शास्त्रीय कान विचारील. त्यांच्या चालींत रागदारीचं प्रदर्शन कुठे नाही. पण सूर कुठे टेकवायचा आणि कुठे सोडायचा हे ज्याला कळतं त्यालाच इतकं सोपं लिहिता येतं. सोपी चाल बांधणं हे अडाण्याचं काम नव्हे.

त्यांचं वाद्य अकॉर्डियन, आणि पियानोही. अकॉर्डियन हे मोठं मजेदार वाद्य आहे. हार्मोनियम मांडी घालून बसते, पियानोला भिंत लागते, पण अकॉर्डियनवाला ते छातीला बांधून उभा राहतो आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांत डोळे घालून वाजवतो. उजव्या हाताला पियानोच्या पट्ट्या, डाव्या हाताला खर्जाची आणि स्वरसंगतीची बटणं, मधे भाता. गाणाऱ्याला जसा श्वास पुरवून वापरावा लागतो तसा यालाही तो भाता पुरवून वापरावा लागतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटसंगीतात, विशेषतः शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत, अकॉर्डियन इतकं भरून राहिलेलं आहे की गुडी सिरवाई, इनॉक डॅनियल्स अशा वादकांची नावं गायकांच्या खालोखाल घेतली जात. गावोगावच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियनवाला म्हणजे निम्मा बँड असे.

ऑर्केस्ट्रा ही शाळा होती आणि तिथला मास्तर म्हणजे पहिल्या रांगेतला प्रेक्षक. रेकॉर्डिंग स्टुडिओत बसलेल्या संगीतकाराला आपलं गाणं पडलं की चढलं हे कळायला महिना जातो. ऑर्केस्ट्रात ते दुसऱ्या ओळीला कळतं. लोक खुर्चीत सरसावून बसतात किंवा चहा प्यायला उठतात. ज्याने हे वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं त्याला एक गोष्ट मुरलेली असते. प्रेक्षकाला जे आपल्याबरोबर म्हणता येतं तेच तो घरी घेऊन जातो. विजय पाटलांच्या चालींचं मर्म मला तरी इथे सापडतं. त्यांचं गाणं ऐकणाऱ्याच्या गळ्याच्या मापाचं असतं. फार वर जात नाही, फार खाली येत नाही, मुखडा दोनदा ऐकला की आपलाच वाटतो. बेसूर मावशीलाही ते म्हणता येतं. हिंदुस्थानातल्या लग्नघरांत गाणं टिकतं ते बेसूर मावश्यांच्या बळावर, हे संगीत समीक्षकांनी एकदा ध्यानात घ्यायला हवं.

नागपूरहून मुंबई आठशेहून अधिक किलोमीटर. ती आज समृद्धी महामार्गाने जवळ आली असं म्हणतात. त्या काळी रात्रभराची गाडी आणि दादरला उतरल्यावर कुणाकडे जायचं हा प्रश्न असे. तिथे विजय पाटलांना सुरेंद्र नावाचा जोडीदार भेटला, आणि दोघांना दादा कोंडके भेटले.

दादांचं संगीताचं नाक तिखट होतं. पुण्या-मुंबईच्या बँडपथकांतून, सेवादलाच्या कलापथकातून आलेला हा माणूस. कुठल्या ठेक्यावर शिट्टी येते हे त्यांना पाठ. त्यांच्या ‘सोंगाड्या’चं संगीत राम कदमांचं. १९७५ साली ‘पांडू हवालदार’ आला त्याला मात्र दादांनी ही नवी जोडी घेतली आणि तिचं बारसंही स्वतःच केलं. सुरेंद्र राम, विजय लक्ष्मण. दादांची थट्टा आणि दादांचा धंदा यांतली सीमारेषा सांगणं कठीण असे, पण नाव ठेवताना धंदाच जास्त असणार. शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा जोडनावांचा तो जमाना होता. त्यात हे नाव एकदा ऐकलं की विसरायची सोय नाही. घराघरांतल्या देव्हाऱ्यात ते आधीच लावून ठेवलेलं.

पुढच्या वर्षी ‘तुमचं आमचं जमलं’ आला. ‘अंजनीच्या सुता’ त्यातलंच, लिहिलेलं दादांनीच. राम आणि लक्ष्मण या नावाच्या दोघांनी मारुतीच्या गाण्याला चाल लावावी, ती महेंद्र कपूर नावाच्या पंजाबी माणसाने मराठीत गावी, आणि ज्या दादांच्या चित्रपटांवरून सोवळ्या घरांत कुजबूज चाले त्यांच्याच चित्रपटातलं गाणं सोवळ्या घरांतल्या हनुमान जयंतीला लागावं. हे सगळं एका गाण्यात. ज्यांना मराठी संस्कृतीची व्याख्या हवी असते त्यांनी हे गाणं समोर ठेवून प्रयत्न करावा.

आणि तेवढ्यात राम गेला.

१९७६ साली ‘राजश्री’ या चित्रपटसंस्थेने या जोडीला हिंदीत पहिलं मोठं काम दिलं होतं. चित्रपट ‘एजंट विनोद’, दिग्दर्शक दीपक बाहरी, नायक महेंद्र संधू. करार झाला, आणि चित्रपट पडद्यावर यायच्या आत सुरेंद्र वारले. १९७७ मध्ये ‘एजंट विनोद’ लागला तेव्हा पाटीवर नाव होतं रामलक्ष्मण, आणि मागे होता फक्त लक्ष्मण. पुढेही विजय पाटलांनी ते नाव तसंच ठेवलं. ‘लक्ष्मण’ नाही, ‘विजय पाटील’ नाही, ‘विजय’ असं सुटसुटीतही नाही. थेट २०२१ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून जास्त, ज्या माणसाबरोबर त्यांनी जेमतेम काही चित्रपट केले त्याचं नाव आपल्या नावाच्या आधी.

रामायणात शरयूत आधी शिरला तो लक्ष्मण, रामाला मागे ठेवून. इथे क्रम उलटा झाला. राम आधी गेला आणि लक्ष्मण मागे राहिला. मागे राहिलेल्याने काय करायचं हे रामायणात लिहून ठेवलेलं आहे, पण ते काम लक्ष्मणाचं नाही, भरताचं आहे. सिंहासनावर पादुका ठेवायच्या आणि आपण बाजूला नंदिग्रामात बसून कारभार हाकायचा. हुकूम निघेल तो पादुकांच्या नावाने. विजय पाटलांनी हेच केलं, फरक इतकाच की भरताला चौदा वर्षांनी राम परत येणार याची खात्री होती.

आता यातली भावना किती आणि व्यवहार किती, असा प्रश्न मनात येतोच, आणि तो विचारण्यात काही पाप नाही. जरीपटक्याच्या बाजारात कापडाची ओळीने दुकानं आहेत. फाळणीनंतर सिंधमधून हातात काही न घेता आलेल्या माणसांनी ती उभी केली. त्यांतल्या कितीतरी पाट्यांवर ‘ब्रदर्स’ लिहिलेलं आहे. गल्ल्यावर मात्र एकच भाऊ असतो, दुसऱ्याचा हार घातलेला फोटो मागच्या भिंतीवर. पाटी कुणी बदलत नाही. बदलली तर गिऱ्हाईक बिचकतं, हे खरं. पण एखाद्याला नुसतं सुचवून पाहा, की आता ‘ब्रदर्स’ कशाला, स्वतःचं नाव लावा. तो ज्या नजरेने बघेल त्यात गिऱ्हाइकाचा हिशोब नसतो. मला वाटतं, विजय पाटलांच्याही बाबतीत दोन्ही होतं, आणि दोन्ही वेगळं काढता येत नाही. मराठी चित्रपटांनी कमावलेलं नाव १९७७ साली फेकून देणं वेडेपणा ठरला असता, हे कबूल. पण १९९४ साली ते बदललं असतं तर कुणीही काही म्हटलं नसतं. तेव्हा देशात त्यांच्याइतकं ऐकलं जाणारं दुसरं कोण होतं?

जोडीतला एक गेल्यावर दुसऱ्याने नाव चालवायचं ही रीत नवी नव्हती. जयकिशन १९७१ मध्ये गेले आणि शंकर यांनी १९८७ मध्ये आपण जाईपर्यंत ‘शंकर-जयकिशन’ हेच नाव लावलं. पण शंकर यांच्या बाबतीत लोक कायम मागे वळून पाहत राहिले. प्रत्येक नव्या गाण्यावर शेरा ठरलेला, की जयकिशन असते तर. सोनेरी काळ दोघांचा होता, उरलेल्याच्या वाट्याला त्याचा खर्च आला. विजय पाटलांचं नेमकं उलट झालं. सोनेरी काळ सगळा नंतर आला. त्यामुळे त्यांना कुणी ‘सुरेंद्र असते तर’ म्हणून टोचलं नाही, आणि त्याच कारणाने सुरेंद्र यांची आठवणही कुणाला राहिली नाही. नाव घराघरांत पोहोचलं आणि ज्याचं ते नाव होतं तो पुसला गेला. पादुका पूजेत राहिल्या, पाय कुणाचे होते हे कुणी विचारलं नाही.

मधली वर्षं पडेल ते काम करण्याची. एकीकडे दादांचे ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’. दुसरीकडे हिंदीत मिथुन चक्रवर्तीचा ‘तराना’, आणि १९८१ मध्ये ‘हमसे बढकर कौन’. ‘देवा हो देवा’ त्या चित्रपटातलं. तो चित्रपट आज कुणाला आठवत नाही. गाण्यात मात्र रफी, आशा भोसले, भूपिंदर, शैलेंद्र सिंग असे आवाज एका मांडवात आहेत, आणि चित्रपट लागला तेव्हा रफीही गेलेले होते. मला या गाण्याची एक गंमत वाटते. मराठी माणसाच्या गणपतीला इतकी वर्षं मराठी आरत्या, मराठी गाणी पुरत होती. तिथे हिंदी गाणं मांडवात घुसवलं ते मराठी माणसानेच, आणि ठेका असा ठेवला की कुणाला परकं वाटलं नाही. मुंबईतल्या गणपतीचं हिंदी गाणं म्हणजे काय याचा साचा तिथून पडला. पुढे प्रत्येक दुसऱ्या चित्रपटात नायक विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचला.

या माणसाच्या कामाचा एक मोठा विनोद आहे, तो इथे सांगितला पाहिजे. दादांच्या गाण्यांवर अश्लीलतेचा शिक्का मारून हात धुणारी मंडळी पुढे ‘राजश्री’च्या गाण्यांना संस्कारांचं प्रशस्तिपत्र देत होती. हात जोडलेले सासरे, पदर सावरलेल्या सुना, जेवणाआधीची प्रार्थना. दोन्हीकडे पेटीवर बसलेला माणूस तोच! दादांच्या चावट ओळीला ठेका देणारी बोटं आणि वहिनीच्या मायेला सूर देणारी बोटं एकाच हाताची. आवाजसुद्धा एकाच घरचे, दादांच्या नायिकेला उषा मंगेशकर, राजश्रीच्या नायिकेला लता मंगेशकर. चाल चावट नसते आणि सोज्वळही नसते. ते सगळं शब्दांत आणि ऐकणाऱ्याच्या मनात असतं, हे विजय पाटलांइतकं कुणाला ठाऊक असणार.

२९ डिसेंबर १९८९ ला ‘मैंने प्यार किया’ लागला. राजश्रीचे दिवस तेव्हा बरे नव्हते. दिग्दर्शक सूरज बडजात्या पंचविशीचा, नायक नवखा, नायिका पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर. संगीतकार मात्र सत्तेचाळीस वर्षांचा, तेरा वर्षं एकट्याने जोडीचं नाव ओढलेला. नायिकेसाठी साठीतल्या लताबाई, नायकासाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम. त्या तेलुगू गळ्याला हिंदी उच्चार थोडे गोल येत, पण त्या गोलाईत असं काही आर्जव होतं की पुढची काही वर्षं सलमान खानने तोंड उघडलं की लोकांना तोच आवाज अपेक्षित असे. फिल्मफेअरने त्या वर्षी संगीतकार, गीतकार आणि गायक तिन्ही पुरस्कार या चित्रपटाला दिले. गीतकार असद भोपाली. आयुष्यभर हिंदी चित्रपटांसाठी लिहिलेल्या त्या शायराला हे यश मिळालं आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

आता या गाण्यांतलं सगळंच सोनं स्वतःच्या खाणीतलं नव्हतं. ‘आते जाते’ ऐकताना स्टीव्ही वंडरचं १९८४ चं गाजलेलं गाणं आठवत नसेल तर ते ऐकलेलं नाही इतकाच अर्थ. ‘मेरे रंग में’च्या सुरुवातीची ती तुतारीसारखी धून युरोप नावाच्या स्वीडिश बँडची. हा उसनवारीचा रोग त्या काळात सगळ्यांनाच होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. ऑर्केस्ट्रात वाढलेल्या माणसाला लोकांना आवडलेली धून वाजवणं म्हणजे चोरी वाटत नाही, सेवा वाटते, एवढंच म्हणतो. पण त्याच चित्रपटात एक गाणं असं आहे की त्यासाठी मी त्यांना बाकीची उधारी माफ करतो. शारदा सिन्हा यांच्या आवाजातलं ‘कहे तोसे सजना’. बिहारच्या लग्नगीतांतून, छठच्या घाटावरून आलेला तो मातीचा आवाज त्यांनी गुळगुळीत प्रेमकथेत आणून बसवला आणि एका क्षणात पडदा खरा झाला. मुंबईच्या सिनेमात बाहेरगावचा आवाज ऐकू येण्यासाठी बाहेरगावाहून आलेला कान लागतो.

मग दोन-तीन वर्षं सुकाळ होता. ‘पत्थर के फूल’, ‘हंड्रेड डेज’, ‘सातवां आसमान’, ‘अनमोल’. कॅसेटचा तो काळ, टेप अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची.

५ ऑगस्ट १९९४ ला ‘हम आपके हैं कौन’ आला. चौदा गाणी. चित्रपट काय आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट काय, असं म्हणून तोंड वाकडं करणारे तेव्हाही होते. ते बरोबरच म्हणत होते, फक्त त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. चित्रपट लग्नाच्या कॅसेटसारखा झाला, त्यानंतर देशभरातली लग्नं त्या चित्रपटासारखी व्हायला लागली. आमच्याकडे नवरदेवाची थट्टा करण्याचा हक्क नवरीच्या भावाचा. तो कान पिळतो, मानाचं घेतो, सगळे हसतात, पाच मिनिटांत संपतं. जोडे पळवणं हे उत्तरेकडचं. पण १९९४ नंतर अस्सल मराठी लग्नांत, अंतरपाट अजून खाली यायचाय तोवर, करवल्यांच्या नजरा नवरदेवाच्या मोजड्यांवर खिळायला लागल्या. कानपिळी गेली नाही, पण तिचा मान उतरला. ‘जूते दो पैसे लो’ हे गाणं दोन पक्षांच्या सवाल-जवाबाचं आहे, तमाशातल्यासारखंच. घ्या आणि द्या, चढवा आणि उतरवा. दादांबरोबर काम केलेल्या माणसाला असा झगडा बांधायला कष्ट पडले नसतील. ज्याने जन्मभर एकाच्या पादुका सांभाळल्या त्याचंच गाणं जोडे पळवायला वाजावं, याला नियतीने केलेली कोटी म्हणायची.

जरीपटक्यात तर या चित्रपटाला घरच मिळालं. सिंधी लग्नात गाण्याला आधीपासून मोठा मान. बायका ढोलक घेऊन ‘लाडा’ म्हणतात, ती लग्नाची परंपरागत गाणी, सिंधमधून माणसांबरोबर आली, ओझं न होता आली. त्या ढोलकाच्या मैफलीत हिंदी गाणी मिसळली आणि मग हळूहळू एक अख्खी संध्याकाळ ‘संगीत’ नावाने वेगळी झाली. तिथून ती शेजारच्या मराठी, तेलुगू, छत्तीसगढी घरांत गेली. नागपुरात आज लग्नपत्रिकेत हळदीच्या शेजारी संगीताची वेळ छापलेली असते. आमच्या आज्यांना सांगितलं असतं की लग्नाआधी नाच बसवायला माणूस येतो आणि पैसे घेतो, तर त्यांनी मुलीचं स्थळ बदललं असतं.

या सगळ्या धांगडधिंग्यात पाठवणीच्या वेळी मात्र पुन्हा शारदा सिन्हाच लागतात, ‘बाबुल जो तुमने सिखाया’. बँडवाला क्लॅरिनेटवर घेतो तेव्हा खर्जात घेतो. नवरीचा बाप इतका वेळ जेवणाच्या ताटांचा हिशोब करत असतो, तो तिथे थांबतो.

‘दीदी तेरा देवर’साठी लताबाईंना फिल्मफेअरने विशेष पुरस्कार दिला. ज्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच ‘आता नव्यांना द्या’ म्हणून स्पर्धेतून नाव काढून घेतलं होतं त्यांना पुन्हा मंचावर यावं लागलं. संगीतकाराचा पुरस्कार मात्र त्या वर्षी रामलक्ष्मणला मिळाला नाही. तो गेला ‘१९४२: ए लव्ह स्टोरी’साठी राहुलदेव बर्मन यांना, आणि ते तर ४ जानेवारी १९९४ लाच गेले होते. गेलेल्या माणसाच्या नावाने हार-तुरे येतात हे विजय पाटलांना कुणी शिकवायला नको होतं. ते स्वतः दर वेळी अर्धा सत्कार तसाच स्वीकारत आले होते.

१९९९ चा ‘हम साथ साथ हैं’ हा शेवटचा मोठा गाजावाजा. पुढे चित्रपटांची घडण बदलली, संगणकावर ठोके मोजून गाणी होऊ लागली आणि अकॉर्डियन छातीवरून उतरलं. २०१८ साली राज्य शासनाने पाच लाखांचा लता मंगेशकर पुरस्कार दिला, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमीत कंस करून दोन्ही नावं छापली. आयुष्याच्या उतारावर ते नागपुरात होते. शहर आपल्या संगीतकाराला ओळखून रस्त्यात थांबवत होतं असं काही नाही. नागपूरकर मोठ्या माणसाला फार त्रास देत नाही, त्याचं कारण कधी अदब असते, बहुतेकदा पत्ताच नसतो.

२०२१ च्या एप्रिलचं नागपूर आठवावंसं कुणाला वाटत नाही. रुग्णवाहिकांचे भोंगे हाच तेव्हा रस्त्यावरचा एकमेव आवाज. २२ एप्रिलला मुंबईत नदीम-श्रवणमधले श्रवण राठोड करोनाने गेले, आणि त्याच दिवशी राज्यात लग्नांसाठी नवा नियम लागू झाला. पंचवीस माणसं आणि दोन तास, यापलीकडे काही नाही. बँड नाही, वरात नाही, संगीत नाही. कुणाच्या मोजड्या पळवायला करवल्याच हजर नव्हत्या. बरोबर महिन्याने, २२ मे ला, हृदयविकाराच्या झटक्याने विजय पाटील नागपुरात गेले. वय अठ्ठ्याहत्तर. देशभरच्या लग्नमांडवांत ज्याची गाणी पंचवीस वर्षं वाजली तो माणूस, मांडवच बंद असलेल्या महिन्यात गेला. लताबाईंनी शोक व्यक्त केला, वाहिन्यांनी दिवसभर सलमान-माधुरीची दृश्यं दाखवली. खालच्या पट्टीत नाव येत होतं रामलक्ष्मण.

निर्बंध उठल्यावर पहिल्याच लग्नसराईत बँडवाल्यांनी वर्षभराची भूक भागवल्यासारखं वाजवलं. आमच्या बाजूला एक बँडमास्तर आहेत, वय साठीचं, क्लॅरिनेट वाजवतात. कोट लाल, त्यावर सोनेरी दोऱ्या, पायांत रबरी चपला. वरात दारापर्यंत यायला वेळ होता, ते झाडाखाली उभे राहून क्लॅरिनेटची मोडलेली पत्ती बदलत होते. मी त्यांना विचारलं, की आता काय वाजवणार. म्हणाले, ‘दीदी’च, दुसरं काय जी. मी म्हटलं, ज्याने ती चाल बांधली तो माणूस यंदा गेला, आपल्या नागपूरचाच होता.

‘दोघंई गेले काय जी?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दोघं नव्हतेच. एक तर शहात्तर सालीच गेला. हे सगळं एकट्याने केलेलं.

त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. ते भाऊ होते नं, असं विचारलं. भाऊही नव्हते म्हटल्यावर थोडा वेळ माझ्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी, आपल्या धंद्यातला माणूस विचारतो तसा, बरोबर तोच प्रश्न त्यांनी विचारला.

‘मंग दोघायचे पैसे एकटाच घे काय तो? का त्याच्या घरी पाठवे?’

मला त्याचं उत्तर देता येईना. तेवढ्यात मागून ड्रमवाल्याने ठेका धरला आणि मास्तर पत्ती ओली करत निघून गेले.